फेरीबोट कुणाच्या यार्डात बांधायची? वाचकांचे प्रश्न

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फेरीसेवा चालवणाऱ्या 'बीसी फेरीज'नं १० जून २०२५ रोजी चार मोठ्या जहाजांचं काम चीनमधल्या 'चायना मर्चंट्स इंडस्ट्री वेहाई' या यार्डाकडे सोपवलं. त्यावरून व्हँकुव्हरपासून ओटावापर्यंत गदारोळ उठला. त्याबद्दल आलेल्या प्रश्नांना इथं उत्तरं दिली आहेत. काही वाचकांनी स्कॉटलंड आणि गोव्याची उदाहरणंही विचारली आहेत. ती याच वादातली असल्यामुळे सोबतच घेतली आहेत.

प्रश्न (सरी, कॅनडा): व्हिक्टोरियाला जाताना आम्ही याच बोटींवर गाडी चढवतो. भाडं आमचं, अनुदान आमच्या करातलं. तरी प्रीमियर (प्रांताचे मुख्यमंत्री) म्हणतात की कंपनी स्वतंत्र आहे, आम्ही काही करू शकत नाही. हे खरं आहे की हात झटकणं आहे?

उत्तर: दोन्ही. २००३ च्या 'कोस्टल फेरी ॲक्ट'नं ही कंपनी सरकारी खात्यातून बाहेर काढली. मतदानाचा हक्क असलेला तिचा एकच शेअर आहे आणि तो 'बी.सी. फेरी ऑथॉरिटी'कडे आहे. प्रांत सरकारकडे प्रेफरन्स शेअर आहेत. मोठ्या खरेदीला फेरी कमिशनर या स्वतंत्र अधिकाऱ्याची मंजुरी लागते. कंपनीनं पाच जहाजं मागितली होती, मंजुरी चारचीच मिळाली. कमिशनर बघतो ते गरज आणि प्रवाशांवर पडणारा भाड्याचा बोजा. यार्ड कुठल्या देशातलं हा प्रश्न त्याच्या कक्षेत फारसा येत नाही.

ही रचना का केली, ते त्याआधीच्या एका प्रकरणाशिवाय कळत नाही. १९९० च्या दशकात प्रांतात ग्लेन क्लार्क यांचं सरकार होतं. स्थानिक जहाजबांधणीला उभारी द्यायची म्हणून त्यांनी ॲल्युमिनियमच्या तीन वेगवान कॅटामरान (जोड-सांगाड्याच्या) बोटी तिथल्याच यार्डांत बांधून घेतल्या. नाव 'पॅसिफिकॅट'. अंदाज होता २१ कोटी डॉलरचा, खर्च गेला ४५ कोटींच्या वर. बोटींमुळे उठणाऱ्या लाटांनी किनाऱ्यावरच्या मालमत्तेचं नुकसान होऊ लागलं, म्हणून वेग कमी करावा लागला. वेगवान बोट हळू चालवायची तर ती घेतली कशाला? शेवटी २००३ मध्ये तिन्ही बोटी मिळून १ कोटी ९४ लाख डॉलरला लिलावात गेल्या. मंत्र्यांनी यार्ड निवडायचं नाही, हा धडा त्यातून घेतला गेला आणि कंपनी वेगळी काढली गेली.

त्यामुळे प्रीमियर डेव्हिड ईबी यांच्या सरकारची कायदेशीर बाजू खरी आहे. पण कायदा विधानसभेचाच असतो. "मोठ्या जहाजखरेदीत बोलींना देशी कामाच्या वाट्यानुसार गुण द्या" अशी तरतूद २००३ नंतर केव्हाही करता आली असती. ती कुठल्याच पक्षाच्या सरकारनं केली नाही. करार जाहीर झाल्यानंतर निराशा व्यक्त करणं सोपं असतं.

केंद्र सरकारचं वागणं तर त्याहून दुटप्पी वाटतं. तेव्हाच्या वाहतूकमंत्री क्रिस्टिया फ्रीलंड यांनी जूनमध्येच प्रांताला तीव्र नाराजीचं पत्र धाडलं. चीननं मार्चमध्ये कॅनडाच्या कॅनोला तेलावर, पेंडीवर आणि वाटाण्यावर १०० टक्के आयातशुल्क लावलेलं होतं, त्यामुळे त्या रागाला कारणही होतं. पण त्याच जून महिन्यात 'कॅनडा इन्फ्रास्ट्रक्चर बँक' या केंद्राच्याच संस्थेनं या योजनेला १ अब्ज डॉलरचं कर्ज जाहीर केलं. त्यातले ६९ कोटी जहाजांसाठी आणि ३१ कोटी धक्क्यांवर चार्जिंगची सोय करण्यासाठी. आणखी एक गंमत म्हणजे न्यूफाउंडलंडला जाणारी 'अलासुइनू' ही फेरी याच वेहाईच्या यार्डात बांधलेली आहे. ती केंद्राच्या 'मरीन अटलांटिक' कंपनीनं स्वीडनच्या स्टेना या जहाज कंपनीकडून भाड्यानं घेतली आणि २०२४ पासून ती चालू आहे. भाड्याची असल्यामुळे तिच्यावरून गदारोळ झाला नाही.

प्रश्न (पुणे): कॅनडासारख्या श्रीमंत, तीन महासागरांच्या देशात एकाही यार्डानं बोली लावली नाही, असं वाचलं. हे कसं शक्य आहे?

उत्तर: शक्य आहे. त्याची कारणं पगाराच्या पलीकडची आहेत.

पहिलं कारण जागेचं. ही जहाजं ३६० गाड्या आणि २,१०० प्रवासी नेणारी आहेत. एवढा सांगाडा जोडायला लांब स्लिपवे (जहाज पाण्यात सोडायचा उतार) किंवा सुकी गोदी, शेकडो टनांचे ब्लॉक उचलणाऱ्या क्रेन आणि चार जहाजं एकामागून एक रेटता येतील इतकी पत्रा कापण्याची क्षमता लागते. पश्चिम किनाऱ्यावर असं मोठं यार्ड मुख्यतः एकच, सीस्पॅनचं. ते २०१० च्या 'नॅशनल शिपबिल्डिंग स्ट्रॅटेजी'खाली नौदल आणि तटरक्षक दलाच्या जहाजांनी भरलेलं आहे. केंद्राच्या कामाचा भाव केंद्र देतं, तारखा पुढे गेल्या तरी निभावतं. असं काम हातात असताना ठरलेल्या भावाची, उशिराला दंड असलेली फेरी कोण अंगावर घेईल?

दुसरं कारण शुल्काचं. परदेशात बांधलेल्या जहाजावर कॅनडात २५ टक्के शुल्क होतं. १२९ मीटरहून लांब फेरींसाठी ते २०१० मध्ये काढलं गेलं. म्हणजे एकाच वर्षी सरकारनं देशी यार्डांना युद्धनौकांची हमी दिली आणि मोठ्या फेरींचं दार बाहेरच्यांना उघडलं. यार्डांनी त्याचा सरळ अर्थ घेतला आणि फेरी बांधायची तयारीच ठेवली नाही. तसंही बीसी फेरीजची नवी जहाजं बऱ्याच वर्षांपासून बाहेरच बांधली जात आहेत: 'कोस्टल' वर्ग जर्मनीच्या फ्लेन्सबुर्गमध्ये, 'सेलिश' वर्ग पोलंडच्या ग्दान्स्कमध्ये, 'आयलंड' वर्ग डच कंपनी डामेनच्या यार्डांत. तेव्हा फारसं कुणी ओरडलं नाही. म्हणजे 'परदेशी' हा शब्द वादात असला, तरी आग 'चिनी' या शब्दानं लागली.

तिसरं कारण पैशाचं. पुढच्या क्रमांकाची बोली घेतली असती तर सुमारे १.२ अब्ज डॉलर जास्त लागले असते, असं कंपनीच्या प्रमुखांनी संसदीय समितीपुढे सांगितलं. कराराची किंमत कंपनीनं उघड केली नव्हती. त्यामुळे हा आकडा बाहेरच्या माणसाला ताडून पाहता येत नाही. गुप्ततेचं कारण व्यावसायिक असलं तरी सार्वजनिक पैशाच्या कामात ते पटत नाही.

प्रश्न (रत्नागिरी): घर बांधताना पाया, स्लॅब, प्लास्टर असे हप्ते असतात. जहाजाचे पैसे कसे देतात? यार्ड बुडालं तर पैसे परत मिळतात का?

उत्तर: हप्तेच असतात. नेहमीचे टप्पे पाच: करारावर सही, पहिला पत्रा कापणं, कील ठेवणं म्हणजे तळाचा पहिला ब्लॉक बसवणं, जलावतरण आणि ताबा. प्रत्येक टप्प्याला २० टक्के ही जुनी वाटणी. यार्ड भक्कम असेल, किंवा बाजार खरीददाराच्या बाजूचा असेल, तर सुरुवातीचे हप्ते लहान ठेवून शेवटचा मोठा करून घेतात. निम्मी किंवा त्याहून जास्त रक्कम ताब्याच्या वेळीच देण्याचे करारही होतात. खरीददाराला तेच सोयीचं, कारण यार्डाला घाई शेवटच्या हप्त्याची असते.

आधीच्या चार हप्त्यांच्या बदल्यात यार्डानं 'रिफंड गॅरंटी' द्यायची असते. ही एखाद्या चांगल्या बँकेची हमी. यार्ड बुडालं किंवा मुदत फार उलटली तर दिलेले सगळे पैसे व्याजासह ती बँक परत करते. हमी कागदावर आल्याशिवाय पहिला हप्ता सोडायचा नाही, हा या धंद्यातला नियम. ती नसेल तर खरीददाराकडे उरतो अर्धवट सांगाडा. तो दुसऱ्या यार्डात ओढून नेऊन पुरा करणं बहुतेक वेळा नव्यानं बांधण्याइतकंच महाग पडतं.

उशिराचं कोष्टकही करारातच असतं. सुरुवातीचे साधारण ३० दिवस माफ, नंतर दिवसागणिक दंड, आणि सहासात महिने उलटले की करार मोडून पैसे परत मागायचा हक्क. वेग कमी भरला, इंधन जास्त लागलं किंवा जहाज अपेक्षेपेक्षा जड झालं तर किंमत कापायचे वेगळे दर असतात. फेरीसाठी शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. जहाज जड झालं की जास्त बुडतं आणि मग धक्क्याला लागताना तळ टेकण्याची भीती. म्हणून जलावतरणानंतर 'इन्क्लायनिंग' चाचणी घेतात. ठरलेली वजनं डेकवर एका बाजूकडून दुसरीकडे सरकवायची, जहाज किती अंश कललं ते मोजायचं आणि त्यावरून गुरुत्वमध्य काढायचा. इथं आकडा चुकलेला निघाला तर दुरुस्तीची वाट फारशी उरत नाही. गाड्या कमी घ्याव्या लागतात किंवा पोटात जड भर टाकावी लागते.

बांधकामावर तिघांची नजर असते. एक क्लास सोसायटीची, म्हणजे लॉइड्स रजिस्टर, डीएनव्ही किंवा पवईला मुख्यालय असलेलं आपलं इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग. या संस्था पत्र्याची जाडी, वेल्डिंग, यंत्रं तपासतात. दुसरी नजर ज्या देशाचा झेंडा लागणार तिथल्या सागरी खात्याची. ते जिने, सुटकेच्या वाटा, लाइफबोटी, आगीपासूनचं संरक्षण बघतं. तिसरी खरीददाराच्या यार्डावर बसलेल्या पथकाची. या तिसऱ्या पथकावर पैसे वाचवण्याचा मोह सगळ्यांना होतो आणि पुढे तोच नडतो. वेल्डिंगचा जोड रंगाखाली गेला, केबलीचे ट्रे छताच्या पॅनेलमागे गेले, की तपासणी कागदावरच उरते. हुल (जहाजाचं बाहेरचं अंग), यंत्र, वीज, रंग आणि अंतर्गत काम या प्रत्येकाला निदान एक जाणता माणूस कायम यार्डात हवा. परदेशी यार्ड असेल तर त्यांचं राहणं, दुभाषे, ये-जा हा खर्च बोलीच्या भावात नसतो. तुलना करताना तो मिळवावा लागतो, तसाच जहाज इकडे आणण्याचा, विम्याचा आणि चलन वरखाली होण्याचाही.

प्रश्न (ग्लासगो): इकडे फर्ग्युसनच्या यार्डावरून दहा वर्षं राजकारण चाललंय. क्लाइड नदीकाठचं ते शेवटचं व्यापारी यार्ड. त्याला डावलून तुर्कस्तान आणि पोलंडला कामं दिली, हे बरोबर झालं का?

उत्तर: फर्ग्युसनला काम दिलं, तेही खरीददाराच्या पैशाला संरक्षण देणाऱ्या अटी ढिल्या करून. इथला सगळा गुंता तिथूनच सुरू झाला.

पोर्ट ग्लासगोचं हे यार्ड ऑगस्ट २०१४ मध्ये दिवाळखोरीत गेलं आणि उद्योजक जिम मकॉल यांनी ते विकत घेतलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये फेरी विकत घेणाऱ्या सरकारी मालकीच्या 'सीमॅल' कंपनीनं त्यांना दोन फेरींचं काम दिलं, ठरलेला भाव ९ कोटी ७० लाख पाउंड. यार्ड पूर्ण रिफंड गॅरंटी देऊ शकत नव्हतं. सीमॅलनं धोका लेखी कळवला होता, तरी मंत्र्यांनी पुढे जायला सांगितलं. वर सांगितलेला नियम मोडला तो इथं.

दुसरी चूक आराखड्याची. संकल्पचित्रावर सह्या झाल्या, तपशील ठरायचे होते. त्यात जहाजं डिझेल आणि द्रवरूप नैसर्गिक वायू अशा दोन इंधनांची, म्हणजे यार्डाला अगदी नवीन. पण हप्ते टप्प्यांवर बांधलेले आणि टप्प्याला गुणवत्तेची नीट कसोटी नाही. मग पैसे मोकळे व्हावेत म्हणून जे भाग आधी बनवता येतील ते बनवत सुटले. आराखडा नंतर बदलला की झालेलं काम तोडून पुन्हा करायचं. 'ग्लेन सॅनॉक्स'चं जलावतरण नोव्हेंबर २०१७ मध्ये तेव्हाच्या स्कॉटलंडच्या सरकारप्रमुख निकोला स्टर्जन यांच्या हस्ते झालं, तेव्हा ब्रिजच्या (जहाज चालवण्याच्या कक्षाच्या) खिडक्या काचेच्या नव्हत्या, काळ्या रंगानं रंगवलेल्या होत्या. आजही स्कॉटलंडमध्ये कुठल्याही वादात हे चित्र निघतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये यार्ड पुन्हा बुडालं आणि डिसेंबरात सरकारनं ताब्यात घेतलं. तोवर कराराचे बहुतेक पैसे आणि वर ४ कोटी ५० लाखांची सरकारी कर्जं दिली गेली होती. पुढे कळलं की शेकडो केबली आखूड पडल्या आहेत आणि नव्यानं ओढाव्या लागणार. सागरी खात्यानं जिने आणि सुटकेच्या वाटांवर बोट ठेवलं, तेव्हा १,००० प्रवाशांची क्षमता ८५२ वर आणावी लागली. जहाज आर्ड्रॉसन बंदराच्या जुन्या धक्क्याला लागत नाही, म्हणून अरन बेटाची सेवा ट्रून बंदरातून चालवावी लागते. 'ग्लेन सॅनॉक्स' अखेर जानेवारी २०२५ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झालं. जोडीचं 'ग्लेन रोझा' त्यानंतरही यार्डातच राहिलं. दोन्हींचा एकूण खर्च ४० कोटी पाउंडांच्या पुढे गेला.

या पार्श्वभूमीवर २०२२ पासून चार जहाजांचं काम तुर्कस्तानात यालोवाजवळच्या 'जेमरे' यार्डाला गेलं. फर्ग्युसन त्या निविदेत प्राथमिक चाळणीतच गळालं होतं. तुर्की यार्डानंही पहिली तारीख पाळली नाही. 'आयल ऑफ आयले' ऑक्टोबर २०२४ ला मिळायचं होतं, २०२५ उजाडलं तरी ते यालोवालाच होतं. पण तिथं आणि पोर्ट ग्लासगोला झालेल्या उशिरात एक मोठा फरक आहे. तुर्कस्तानातल्या करारात भाव चौपट झाला नाही.

मार्च २०२५ मध्ये सात लहान विजेवरच्या फेरींसाठी ग्दान्स्कच्या 'रेमोंतोवा'ची निवड झाली, तेव्हा मात्र कामगार संघटनांचा राग रास्त होता. ही लहान जहाजं फर्ग्युसनच्या आवाक्यातली होती. त्यांनी याआधी याच जातीच्या हायब्रीड फेरी यशस्वीपणे बांधून दिल्या होत्या. बुडत्या यार्डाला त्याच्या कुवतीबाहेरचं मोठं जहाज द्यायचं आणि ते सावरत असताना त्याच्या मापाचं काम बाहेर पाठवायचं, असा हा उलटा क्रम झाला. यार्ड जगवायचं असेल तर त्याला एकसारखी, लहान, ओळीनं येणारी कामं लागतात. पहिल्या बोटीवर जेवढे तास लागतात त्यापेक्षा चौथ्या बोटीवर बरेच कमी लागतात. सात बोटींच्या ओळीत हा फायदा पुरेपूर मिळाला असता.

प्रश्न (ठाणे): 'सरकारी जहाज देशातच बांधा' असा सरळ नियम का करत नाहीत?

उत्तर: काही ठिकाणी केलेला आहे. त्याची किंमत काय पडते ते व्हँकुव्हरच्या शेजारीच, वॉशिंग्टन राज्यात बघता येतं. अमेरिकेच्या १९२० च्या जोन्स कायद्यामुळे देशांतर्गत वाहतुकीची जहाजं अमेरिकेत बांधलेलीच लागतात. त्यात वॉशिंग्टननं आपली अट घातली होती की राज्याच्या फेरी राज्यातच बांधायच्या. परिणाम असा की बोली लावणारं एकच यार्ड उरलं, २०२२ मध्ये त्याच्याशी भावावरून बोलणी फिसकटली आणि जुनी जहाजं मोडकळीला येऊन फेऱ्या रद्द होऊ लागल्या. २०२३ मध्ये राज्यानं दार देशभरासाठी उघडलं. जुलै २०२५ मध्ये फ्लोरिडाच्या 'ईस्टर्न शिपबिल्डिंग'ला तीन हायब्रीड फेरींचं काम मिळालं, ७१ कोटी ४५ लाख अमेरिकी डॉलरला. एका फेरीत गाड्या १६०. बीसीच्या नव्या जहाजाच्या निम्म्याहूनही कमी.

व्यापार करारांचा अडसर असतो, पण तो सांगतात तितका मोठा नसतो. चीन जागतिक व्यापार संघटनेच्या सरकारी खरेदी करारात सामील नाही. त्यामुळे चिनी यार्डाला बोली लावू द्यावीच अशी त्या कराराची सक्ती कुणावर नव्हती. युद्धनौकांना तर सुरक्षेच्या नावाखाली सूट असतेच. फक्त 'युद्धनौका' कशाला म्हणायचं हे सरकार ठरवतं. ब्रिटननं नौदलाचे चार टँकर २०१२ मध्ये कोरियाच्या देवूला ४५ कोटी २० लाख पाउंडांना दिले. अंतिम बोली एकाही ब्रिटिश यार्डानं लावली नव्हती. दहा वर्षांनी त्याच नौदलाची रसदवाहू जहाजं देशी कामाच्या मोठ्या वाट्याच्या अटीवर दिली गेली, तरी ती बांधणाऱ्या कंपन्यांच्या गटाची प्रमुख स्पेनची नवांतियाच आहे.

पूर्ण बंदी आणि पूर्ण मोकळीक यांच्या मधला रस्ता म्हणजे भावात ठरावीक सवलत. उदाहरणार्थ, देशी बोली दहा टक्क्यांपर्यंत महाग असली तरी चालेल. त्यात लोकांना निदान कळतं की स्वदेशीसाठी आपण नेमके किती पैसे जास्त मोजतोय.

प्रश्न (नाशिक): चिनी जहाजातून हेरगिरी होईल, ही भीती खरी का?

उत्तर: सांगाड्यातून नाही. जोखीम असते ती नेटवर्क, कॅमेरे, यंत्रांचं दूरस्थ निदान करणारी प्रणाली आणि सॉफ्टवेअर अपडेटचा मार्ग यांत. त्या वस्तू यार्डाच्या पुरवठ्यातून काढून खरीददारानं स्वतः घ्यायच्या, बसवणारे लोक आपले ठेवायचे आणि ताब्यानंतर सगळे पासवर्ड व कंट्रोलरचे प्रोग्रॅम नव्यानं भरायचे, हा उपाय आहे. संवेदनशील प्रणाली यार्डापासून वेगळ्या घेणार, असं बीसी फेरीजचं म्हणणं आहे. खरी चिंता सुट्या भागांची. संबंध बिघडले तर ३० वर्षं लागणारे भाग कुठून आणणार? म्हणून इंजिन, प्रॉपेलर, बॅटऱ्या, स्विचबोर्ड कुणाच्या बनावटीचे हे करारातच नाव घेऊन ठरवावं आणि बांधणीची सगळी रेखाचित्रं मूळ, बदलता येतील अशा फाइलींत ताब्यात घ्यावी.

प्रश्न (वास्को): गोवा शिपयार्डमध्ये कोरियन तंत्रज्ञानानं सुरुंगशोधक नौका बांधणार होते. आमच्याकडे त्यासाठी शेडही उभ्या राहिल्या. त्याचं पुढे काय झालं?

उत्तर: तो करार झालाच नाही. आधीच्या निविदेत कोरियाची कांगनाम कंपनी सर्वात कमी भावाची ठरली होती, पण दलालांच्या आरोपांवरून ती प्रक्रिया २०१४ मध्ये रद्द झाली. २०१५ मध्ये १२ नौकांचं काम गोवा शिपयार्डला नेमून दिलं गेलं. किंमत सुमारे ३२,००० कोटी रुपये, तंत्रज्ञान बाहेरचं, बांधणी वास्कोत. तंत्रज्ञानासाठी समोर उरली पुन्हा कांगनामच. एकच विक्रेता समोर असला की भावावर आणि तंत्रज्ञान हस्तांतराच्या अटींवर जोर लावता येत नाही. २०१८ मध्ये बोलणी मोडली.

ही नौका अवघड असते. सुरुंग चुंबकीय खुणेनं फुटतो, म्हणून हुल पोलादाचा चालत नाही, काचतंतूच्या प्लास्टिकचा किंवा चुंबकत्व नसलेल्या धातूचा लागतो. इंजिनांचा आवाज आणि कंपनही दाबावं लागतं. नुसती रेखाचित्रं विकत घेऊन हे जमत नाही. राळ किती तापमानाला, किती आर्द्रतेत घट्ट होते हे हातानं शिकावं लागतं, आणि वास्कोच्या पावसाळ्यात तर जास्तच. दरम्यान नौदलाची शेवटची जुनी सुरुंगशोधक नौका २०१९ मध्ये निवृत्त झाली. जुलै २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेनं या वर्गाच्या खरेदीला पुन्हा प्राथमिक मान्यता दिली. आरोप झाले की रद्द करायचं, मग त्याच दारात परत जायचं, यात दशक गेलं आणि बंदरं उघडी राहिली. परदेशी कंपनीला काम देण्याइतकाच न देण्याचाही हिशेब मांडायला हवा.

माझगाव डॉकची स्कॉर्पीन पाणबुड्यांची वाट वेगळी होती. फ्रेंच आराखडा, बांधणी मुंबईत, करार २००५ चा. पहिली 'कलवरी' डिसेंबर २०१७ मध्ये दाखल झाली, सहावी 'वागशीर' जानेवारी २०२५ मध्ये. उशीर मोठा झाला, पण वेल्डर आणि फिटर मुंबईत तयार झाले. मात्र पुढची ऑर्डर वेळेवर आली नाही, तर हीच माणसं दुसरीकडे जातात आणि शिकवणीचा खर्च पुन्हा करावा लागतो.

प्रश्न (अलिबाग): मांडव्याची रो-रो ग्रीसमध्ये बांधलेली आहे. तिच्यावर असा वाद का झाला नाही?

उत्तर: कारण ती खासगी कंपनीची आहे. जेट्टी सरकारी पैशातून झाली, बोट नाही. भारत सरकारच्या खात्यांना आणि सार्वजनिक कंपन्यांना मात्र जहाज घेताना देशी यार्डाला प्राधान्य द्यावं लागतं. २०१५ च्या धोरणात देशी यार्डाला बाहेरच्या भावाशी बरोबरी करण्याची पहिली संधी दिलेली होती. देशी यार्डाला कराराच्या २० टक्क्यांपासून सुरू होऊन दर तीन वर्षांनी घटणारं अर्थसाहाय्यही होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ६९,७२५ कोटींच्या योजनेत या मदतीची मुदत मार्च २०३६ पर्यंत वाढवली आहे.

प्रश्न (डोंबिवली): आपल्याकडे अशी खरेदी निघाली तर सामान्य माणसानं काय आणि कधी बघायचं? सही झाल्यावर बोंब मारून उपयोग नसतो, एवढं कळलं.

उत्तर: निविदा केंद्राच्या प्रोक्युरमेंट पोर्टलवर किंवा राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर लागते, तेव्हाच पात्रतेचं पान उघडा. "गेल्या पाच वर्षांत एवढ्या लांबीची दोन जहाजं बांधलेली असावीत" अशी एकच ओळ असते आणि तीच सगळ्या देशी यार्डांना बाहेर काढते. मग बोलीपूर्व बैठकीनंतर निघणारं शुद्धिपत्रक वाचा. अटी कुणासाठी वाकवल्या ते तिथं दिसतं. २०० कोटी रुपयांच्या आतली जागतिक निविदा केंद्राच्या नियमात बसत नाही, अपवादाला वरची मंजुरी लागते. पहिल्या वर्गाचा देशी पुरवठादार ठरायला निम्मा वाटा देशी हवा. तो कसा मोजला याचं प्रमाणपत्र मागता येतं. जहाजात इंजिन आणि यंत्रसामग्री बाहेरून आली तर हा निम्मा वाटा गाठताना बरीच कसरत करावी लागते.

माहिती अधिकारात अर्ज करताना सरसकट "कराराची प्रत द्या" असं लिहू नका. कलम ८(१)(घ) खाली व्यावसायिक गुपित म्हणून नकार येतो. त्याऐवजी मुद्दे सुटे करा. रिफंड गॅरंटी किती टक्क्यांची आणि कुठल्या बँकेची, प्रत्येक टप्प्याला किती टक्के रक्कम, पैसे सोडण्याआधी आराखड्याचा किती भाग क्लास सोसायटीनं मंजूर केलेला असायला हवा, यार्डावर खरीददाराचे किती निरीक्षक राहणार, विलंबाचा दंड दिवसाला किती आणि तो जास्तीत जास्त किती टक्क्यांवर थांबतो, हे वेगवेगळे विचारा. यातलं काही तरी मिळतंच. रिफंड गॅरंटीच्या प्रश्नाला उत्तर टाळलं, तर पहिलं अपील त्याच मुद्द्यावर करा. नकार आल्यापासून ३० दिवसांची मुदत असते.